दिवा लागला आणि दिवस लांबला

कारखान्यांतल्या रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, मग ओरड कशाची, असं तेव्हापासून विचारलं जातं. मुंबईच्या गिरण्यांत हा वाद एकदा होऊन गेला आहे.

कावसजी दावर यांची गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. वाफेचं इंजिन एक लांबलचक दांडा फिरवायचं आणि त्यावरून निघालेले पट्टे खात्यातली सगळी यंत्रं एकदम चालवायचे. घरच्या मागावरचा विणकर दमला की हात थांबवत असे. इथे दांडा फिरतोय तोवर यंत्रासमोरून हलता येत नव्हतं. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या शेतकऱ्याचा दिवस भोंग्याने ताब्यात घेतला.

सूर्य मात्र मालकाच्या ताब्यात नव्हता. अंधारात तुटलेला धागा दिसत नाही, म्हणून बहुतेक गिरण्या उजाडता सुरू होत आणि दिवेलागणीला थांबत. उन्हाळ्यात तेरा तास, हिवाळ्यात अकराच्या आसपास. गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जे निवेदन दिलं, त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती होती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम असावं ही मागणीही होती. रविवार १८९० मध्ये मिळाला. सूर्यास्ताचा हक्क कायद्यात कधी आलाच नाही.

मग १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. यंत्रयुगाचा इतिहास सांगताना आपण वाफेच्या इंजिनापाशी रेंगाळतो. मला हा दिवा त्याहून निर्णायक वाटतो. कापडाला तेजी होती, आणि काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. कामगारांनी काम बंद पाडलं, वर्तमानपत्रांतून टीका झाली आणि सरकारला चौकशी बसवावी लागली.

१९०८ च्या कारखाना कामगार आयोगात मद्रासचे डॉ. टी. एम. नायर होते. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं. सज्ञान पुरुषाच्या कामाच्या तासांवर कायद्याने थेट बंधन नको, असा आयोगातल्या बहुमताचा कौल होता. नायर यांनी स्वतंत्र भिन्नमत नोंदवलं आणि थेट मर्यादेची मागणी केली. आपला वेळ विकायला मोकळा असलेला सज्ञान कामगार हे चित्र कागदावर ठीक आहे. मुकादमाच्या हाती नोकरी आणि सावकाराच्या हाती पगार असलेला माणूस ‘नाही’ कुणाला म्हणणार होता? १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची हद्द घातली. त्यामागे मुंबईच्या स्पर्धेने धास्तावलेल्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता, हे खरं. पण मर्यादा पडली, आणि नायर यांचं म्हणणं टिकलं.

पुढे १९२२ मध्ये ११ तास, १९३४ मध्ये १०, आणि १९४८ मध्ये ९. प्रत्येक तासामागे संप, निवेदनं आणि चौकश्या आहेत. बारावरून नऊवर यायला ३७ वर्षं लागली.

आज मुकादमाच्या जागी ठेकेदार आहे. ठेक्यावरच्या माणसाने सही नाकारली तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवर कोण उभं करणार? लेखी संमतीवर सरकारचा एवढा विश्वास असेल, तर ती संमती खरी आहे की घेतलेली, हे कारखान्यात जाऊन कोण आणि कसं तपासणार, ते सरकारने आधी जाहीर करावं. मर्यादा त्यानंतर बदलावी.