'नोव्हेअर' क्लबचा पैसा

चळवळीचा इतिहास लिहिताना आपण भाषणे लिहितो, ठराव लिहितो, लाठीमार आणि तुरुंगवास लिहितो. मंडपाचे भाडे कोणी भरले, मोर्चाला आलेल्यांच्या भाकरी कोणी थापल्या, पकडल्या गेलेल्यांच्या घरी पीठ कोणी पोहोचवले, हे मात्र बहुधा लिहिले जात नाही. लिहिलेच तर 'महिलांनीही मोलाचे सहकार्य केले' एवढ्या एका वाक्यात ते उरकले जाते. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तिथल्या काळ्या लेखकांविषयी आणि नेत्यांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले. पण त्याच लढ्यातील एका स्वयंपाकिणीने उभारलेला फंड आपल्या चर्चेत फारसा आलेला नाही. मी एका महिला मंडळाची जमाखर्चाची वही सांभाळते. त्यामुळे या फंडाची रीत मला विशेष महत्त्वाची वाटते, आणि तीच येथे उलगडून सांगायची आहे.

प्रसंग अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहराचा. तिथल्या बसमध्ये गोरे पुढे आणि काळे मागे बसत. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून दहा सेंट भाडे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचे, असा अनेक ड्रायव्हरांचा हट्ट असे; आणि तो माणूस मागच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुष्कळदा बस निघून जाई. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला व त्यांना अटक झाली. विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या स्त्रियांच्या संघटनेच्या जो ॲन रॉबिन्सन यांनी एका रात्रीत हजारो पत्रके छापून काढली. ५ डिसेंबरपासून काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला. (आपल्याकडे 'बहिष्कृत' हा शब्द ज्यांच्यावर बहिष्कार लादला गेला त्यांचा. तिथे ज्यांना शतकानुशतके बाजूला बसवले होते, त्यांनीच बहिष्काराचे हत्यार उलटे धरले.) हा बहिष्कार ३८१ दिवस चालला.

३८१ दिवस हे फक्त निर्धाराने निघत नाहीत. बसच्या प्रवाशांत सुमारे तीन चतुर्थांश काळे होते, आणि त्यांत मोठा भरणा गोऱ्यांच्या घरी धुणी, स्वयंपाक आणि मुले सांभाळणाऱ्या बायकांचा होता. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर जावेच लागे. सुरुवातीला काळे टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात त्यांना नेऊ लागले, तर नगरपालिकेने पंचेचाळीस सेंटांच्या किमान भाड्याचा नियम पुढे केला. मग सुमारे तीनशे खाजगी मोटारींची व्यवस्था उभी करावी लागली. काही मोटारी चर्चच्या नावाने विकत घेतल्या. त्यांना पेट्रोल हवे, टायर हवेत, दुरुस्ती हवी. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले, तेव्हा शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. थोडक्यात, रोज सकाळी कोणाला तरी पैसे मोजावे लागत होते.

जॉर्जिया गिल्मोर ही सहा मुलांची आई. एका खाणावळीत ती स्वयंपाक करी, सुईणीचेही काम करी. बहिष्काराच्या दोन महिने आधीच, ऑक्टोबरमध्ये, भाडे घेऊन मागच्या दाराने चढायला लावणाऱ्या ड्रायव्हरने तिला रस्त्यावर सोडून बस पळवली, तेव्हाच तिने बस सोडली होती. तिने काही बायका गोळा केल्या. चौदा डॉलर जमवून कोंबड्या, पाव आणि पालेभाजी आणली, त्यांची सँडविचेस केली आणि सभेला आलेल्यांना विकली. हेच त्या फंडाचे भांडवल.

पुढे त्याचा क्रम बसला. कोणी सामान देई, कोणी आपल्या घरच्या चुलीवर रांधी, कोणी विकायला नेई. तळलेली कोंबडी, मासे, केक, रताळ्याच्या सारणाचे गोड पदार्थ. हे केस विंचरण्याच्या दुकानांत, धोबीखान्यांत, टॅक्सीच्या अड्ड्यांवर, घरोघरीच्या दारांत विकले जाई. व्यवहार सगळा रोखीचा. पैसा जॉर्जियाच्या हाती येई आणि सोमवारच्या सभेत ती तो जाहीरपणे देई. आठवड्याला सव्वाशे ते दोनशे डॉलर जमत, असे नोंदवले गेले आहे. दहा सेंटांचे एक तिकीट धरले तर दोनशे डॉलर म्हणजे दोन हजार तिकिटांचा पैसा. बाहेरून, देशभरातून आलेल्या देणग्यांपुढे ही रक्कम लहान होती. पण बाहेरची देणगी कधी यायची ते देणाऱ्याच्या हाती असते. सोमवारचा पैसा सोमवारी येई.

या मंडळाचे नाव होते 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. म्हणजे 'कुठूनच न आलेला' क्लब. पैसा कुठून आला असे कोणी विचारले तर उत्तर तयार: कुठूनच नाही. खोटे बोलावे लागत नसे आणि कोणाचे नावही सांगावे लागत नसे. कोणी रांधले, कोणी विकत घेतले, हे एकट्या जॉर्जियाला ठाऊक. विकत घेणाऱ्यांत गोरेही होते. त्यांनाही आपल्या शेजाऱ्याला हे कळायला नको होते.

हे नाव गंमतीचे वाटते. पण त्यामागची भीती समजून घेतली पाहिजे. क्लबातल्या बायकांचा पगार गोऱ्या घरांतून येत होता. शहराचा महापौर आणि त्याचे सहकारी जानेवारी १९५६ मध्ये उघडपणे व्हाइट सिटिझन्स कौन्सिलचे सभासद झाले होते. बहिष्कारात सामील असणाऱ्याची नोकरी काढून घेणे हे त्या संघटनेचे उघड शस्त्र होते. फेब्रुवारीत १९२१ च्या एका कायद्याखाली ऐंशीहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. जूनमध्ये राज्याने एनएएसीपी या संघटनेच्या कामावर बंदी आणली आणि तिच्या सभासदांची यादी मागितली. यादी दिली नाही म्हणून न्यायालयाने एक लाख डॉलर दंड ठोठावला. यादी द्यावी लागणार नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९५८ साल उजाडले. सत्तेला रकमेपेक्षा नावे हवी असतात. रक्कम कळली तर ती चळवळीचा अंदाज बांधते. नावे कळली तर चळवळ मोडते. पुस्तके वाचून न शिकलेल्या या बायकांनी ते न्यायालयाच्या दोन वर्षे आधी ओळखले होते.

पण आपल्या कार्यकर्त्यांनी यातून 'हिशेब नको' असा सोयीचा अर्थ काढू नये. नोव्हेअर क्लबची नावे झाकलेली होती, आकडा झाकलेला नव्हता. दर सोमवारी भरसभेत किती जमले ते सांगितले जाई. शहराच्या दुसऱ्या भागात इनेझ रिक्स या बाईंनी असाच दुसरा क्लब काढला होता, 'फ्रेंडली क्लब'. या आठवड्यात कोणाचा आकडा मोठा, अशी दोघींत चुरस असे आणि सभा उठून टाळ्या वाजवी. आमच्याकडे पुष्कळदा याच्या नेमके उलटे घडते. देणगीदाराचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत, आणि एकूण जमा किती, खर्च किती, हे खजिनदाराच्या खिशात. जयंतीची वर्गणी देणाऱ्या मोलकरणीला शिल्लक किती राहिली हे विचारायची सोय नसते. माझ्या मते देणारीला हिशेब मिळणे आणि देणारीचे नाव सुरक्षित राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व दोन्ही एकाच वेळी साधता येतात.

दुसरा मुद्दा दानाचा. आपल्या परंपरेत दान वरून खाली येते. देणारा पुण्य घेतो, घेणारा वाकतो. गावकीची शिळी भाकर हे त्याच दानाचे रूप होते, म्हणून ती मागू नका असे बाबासाहेबांनी बजावले. नोव्हेअर क्लबच्या पैशात वर आणि खाली नव्हते. देणाऱ्या बायका आणि त्या मोटारीतून कामावर जाणाऱ्या बायका एकाच गल्लीतल्या. शिवाय त्यांनी मागितले काहीच नाही. गोऱ्या घरात मातीमोलाने विकले जाणारे आपले कसब त्यांनी आपल्या कामासाठी आपल्या भावाने विकले. याला दान म्हणणे मला पटत नाही. ही वर्गणी आहे, घामातून आलेली.

इथे एक फरक नजरेआड करता येत नाही. गोऱ्यांना काळ्या बाईशेजारी बसणे विटाळ वाटे, पण तिच्या हातचे खाणे वाटत नसे. उलट तिच्या हातच्या चवीवर त्यांची घरे चालत. म्हणून तिचा केक गोऱ्यांतही खपला. आपल्याकडे जात थेट स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या माठावर उभी असते. पुण्यात २०१७ साली सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी जात लपवली म्हणून एका स्वयंपाकीण बाईंवर पोलिसांत तक्रार गेली. आणि त्या बाई अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्याही नव्हत्या. वस्तीतल्या बायकांनी पुरणपोळ्या करून सवर्ण आळीत विकाव्यात आणि त्या पैशावर सत्याग्रह चालवावा, ही वाट आपल्या आज्यांना बंद होती. वंश आणि जात यांची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा चुलीचा मुद्दा जरूर तपासावा.

मार्च १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला चालला तेव्हा जॉर्जियाने साक्ष दिली. बसवाले पैसे मोजतात तेव्हा काळ्याचा पैसा कोणता आणि गोऱ्याचा कोणता हे त्यांना ओळखता येत नाही, अशा अर्थाचे ती न्यायालयात बोलली. (आपल्याकडे नाण्यावरही पाणी शिंपडून घेणारे दुकानदार होते, हे तिला कोण सांगणार!) दुसऱ्यांची नावे झाकणाऱ्या या बाईने स्वतःचे नाव मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात उघड केले, आणि खाणावळीतली नोकरी गेली. तेव्हा किंग यांनी तिला घरीच धंदा सुरू करायला सुचवले व भांड्याकुंड्यांसाठी मदत केली. तिच्या घरातले जेवणाचे टेबल पुढे कित्येक वर्षे कार्यकर्त्यांची बैठकीची जागा बनले.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील भेदभाव घटनाबाह्य ठरवला व डिसेंबरात बहिष्कार संपला. जॉर्जियाचे काम तिथे थांबले नाही. गोऱ्यांसाठी राखलेल्या उद्यानातून गेला म्हणून १९५७ साली तिच्या मुलाला पोलिसांनी मारले. १९५८ साली तिने इतरांसह शहरावर दावा लावला. काळ्यांना आत घेण्यापेक्षा शहराने १९५९ च्या सुरुवातीस सगळी उद्यानेच बंद करून टाकली; ती १९६५ पर्यंत उघडली नाहीत. 'गिल्मोर विरुद्ध मॉन्टगोमेरी शहर' हा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७४ साली निकाली निघाला.

तिने स्वतः या क्लबविषयी 'आईज ऑन द प्राइज' या १९८७ साली प्रदर्शित झालेल्या माहितीपटाच्या मुलाखतकारांना सांगितले, म्हणून आपल्याला एवढे तरी कळते. क्लबातल्या बहुतेक बायकांची नावे आजही इतिहासाला ठाऊक नाहीत. तिथे ती गुप्तता संरक्षणासाठी होती. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नावे आपल्याकडे हरवली ती निव्वळ अनास्थेने. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघरी जाऊन त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले, तेव्हा काही नावे हाती लागली. जुन्या महिला मंडळांच्या वह्या अजून कुणाच्या ट्रंकेत असतील तर त्या कसर लागण्यापूर्वी शोधल्या पाहिजेत. वर्गणीच्या पानांवर चार-चार आण्यांसमोर अंगठे आहेत.

मार्च १९९० मध्ये जॉर्जिया गिल्मोर वारली. सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चाला पंचवीस वर्षे झाली म्हणून त्या दिवशी लोक येणार होते आणि त्यांच्यासाठी ती कोंबडी व मॅकरोनी शिजवत होती. घरच्यांनी तेच जेवण तिच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांना वाढले.