मिशनचे कुष्ठ रुग्णालय आणि पाळकाचे काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्तीसगडमधील ख्रिस्ती वैद्यकीय सेवेचा मोठा भाग कुष्ठरोग्यांच्या सेवेतून उभा राहिला. रायपूर-बिलासपूर रस्त्यावरील बैतलपूरजवळचे चंदखुरीचे रुग्णालय 1897 मध्ये सुरू झाले, तर चांप्याचे 1902 मध्ये मेनोनाइट पंथाच्या मिशनऱ्यांनी सुरू केले. धमतरीत मेनोनाइट 1899 मध्ये आले आणि दुष्काळग्रस्तांबरोबर कुष्ठरोग्यांचीही सेवा करू लागले. चंदखुरी व चांप्याची रुग्णालये आज ‘द लेप्रसी मिशन’ ही संस्था चालवते. वेलेस्ली बेली या आयरिश गृहस्थांनी अंबाल्याला कुष्ठरोग्यांची अवस्था पाहिली आणि 1874 मध्ये डब्लिनमध्ये ही संस्था स्थापन केली. महाराष्ट्रात मिरजेचे रिचर्डसन रुग्णालय आणि अचलपूरजवळचे कोठारा येथील रुग्णालय याच संस्थेचे. भिलाई-दुर्गच्या परिसरात या रोगाविषयी, रुग्णालयांविषयी आणि तिथल्या पाळकांविषयी बऱ्याच चुकीच्या समजुती रूढ आहेत. त्यांचा फटका रुग्णालाच बसतो, कारण दवाखान्याची पायरी चढायला त्याला उशीर होतो.

गैरसमज: कुष्ठरोग हे पापाचे फळ आहे किंवा तो वंशपरंपरेने येतो.

वस्तुस्थिती: हा जीवाणूमुळे होणारा रोग आहे. नॉर्वेतील बर्गनच्या गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी 1873 मध्ये मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जीवाणू शोधला. त्याची वाढ फार संथ असते. संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण पाच वर्षे लागतात, कधी वीसही लागतात. एका घरात दोघांना रोग झाला की लोक रक्ताला दोष देतात. प्रत्यक्षात, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून बाहेर पडणारे तुषार एकत्र राहणाऱ्यांच्या श्वासात वर्षानुवर्षे जातात, हे त्याचे कारण असते. पापपुण्याचा यात संबंध नाही. रोगाला दैवी कोप मानण्याची समजूत हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही समाजांत खोल रुजलेली होती. त्यामुळे रुग्णाच्या मनातली अपराधी भावना काढून टाकणे हे पाळकाचे पहिले काम ठरते.

गैरसमज: रुग्णाला हात लावला की रोग लागतो आणि रोग झाला की बोटे झडतात.

वस्तुस्थिती: सुमारे 95 टक्के माणसांत या जीवाणूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. हस्तांदोलनाने, शेजारी बसल्याने किंवा एका पंगतीत जेवल्याने रोग होत नाही. उपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्गाचा धोका झपाट्याने संपतो. बोटे आपोआप गळूनही पडत नाहीत. जीवाणू मज्जातंतूंवर घाला घालतो आणि हातापायांची संवेदना जाते. मग चुलीवरच्या भांड्याने हात भाजला तरी कळत नाही, तळपायात काटा रुतून राहतो, जखम चिघळते आणि हाडापर्यंत पोचते. बोटे आखूड होतात ती अशा वारंवार होणाऱ्या जखमांमुळे आणि हाडे झिजल्यामुळे.

तपासणी अगदी साधी असते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि पेनच्या टोकाने त्वचेला हलकेच स्पर्श करतात. जिथे स्पर्श जाणवला तिथे त्याने बोट ठेवायचे असते. चट्ट्यावरचा स्पर्श त्याला कळला नाही, तर निदान बहुधा तिथेच होते.

गैरसमज: औषधाच्या गोळ्या संपल्या की उपचार संपले.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला आणि या रोगाचे चित्र पालटले. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही त्यातली औषधे. सौम्य प्रकारात ती सहा महिने आणि तीव्र प्रकारात बारा महिने घ्यायची असतात. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात. गोळ्यांनी जीवाणू मरतात, पण गेलेली संवेदना बऱ्याचदा परत येत नाही. मिशनच्या रुग्णालयांचे खरे कौशल्य या पुढच्या टप्प्यात दिसते. वाकडी झालेली बोटे सरळ करण्यासाठी स्नायुबंधांची जागा बदलणारी शस्त्रक्रिया डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात विकसित केली. तिथून ती जगभर पोचली.

त्याहून साधा आणि रोजचा उपचार असतो तो पायांचा. रुग्ण बादलीतल्या साध्या पाण्यात पाय बुडवून बसतो, मऊ झालेली जाड कातडी हळूच घासून काढतो, ओल्या कातडीवर तेल चोळतो आणि कुठे फोड, चीर किंवा लाली आहे का ते पाहतो. तळवा दिसत नसेल तर आरसा धरतो. पायात मऊ रबरी तळाची, खिळे नसलेली चप्पल असते. हा नेम आयुष्यभर पाळावा लागतो.

गैरसमज: मिशनचे रुग्णालय केवळ ख्रिस्ती लोकांसाठी असते आणि उपचार हे धर्मांतराचे साधन असते.

वस्तुस्थिती: या रुग्णालयांत सर्व धर्मांचे आणि जातींचे रुग्ण येतात. कुष्ठरोगाबरोबर त्वचारोग, डोळ्यांचे विकार आणि इतर आजारांवरही तिथे उपचार होतात. धर्मप्रचाराविषयीचा आक्षेप मात्र निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने 1956 च्या अहवालात मिशनच्या सेवाकार्यावर कठोर टीका केली आणि उपचारांचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, अशी भूमिका घेतली. मध्य प्रदेशात 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा आला आणि पुढे तो छत्तीसगडलाही लागू झाला. बळजबरी, आमिष किंवा फसवणूक यांच्या आधारे केलेले धर्मांतर त्यानुसार गुन्हा ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात हा कायदा वैध ठरवला.

याच आक्षेपातून एका मराठी माणसाची संस्थाही जन्माला आली. स्वतः कुष्ठरोगी असलेले सदाशिव गोविंद कात्रे उपचारासाठी मिशनच्या रुग्णालयात राहिले होते. तिथल्या धर्मप्रचाराबाबत त्यांचे मतभेद झाले. त्यांनी 1962 मध्ये चांप्याजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी हे काम पुढे नेले आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज चांपा परिसरात दोन वेगळ्या श्रद्धांच्या संस्था एकाच रोगाशी झुंजत आहेत. रुग्णाच्या दृष्टीने हे भाग्यच आहे.

गैरसमज: पाळक प्रार्थनेने रोग बरा करतात.

वस्तुस्थिती: रुग्णालयातील पाळकाचे काम उपचारांना जोड देण्याचे असते. भारतीय ख्रिस्ती वैद्यकीय संघटना 1905 पासून कार्यरत आहे. तिच्यात डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि प्रशासक यांच्याप्रमाणे पाळकांचाही स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे हे प्रशिक्षण लागणारे काम मानले जाते. पाळक औषध देत नाही आणि बंदही करत नाही. तो खाटेशेजारी बसतो, रुग्णाला बोलू देतो आणि ऐकलेले स्वतःपाशी ठेवतो. नवऱ्याने टाकलेली बाई, घरचे भेटायलाच येत नाहीत असा म्हातारा, शाळेतून नाव काढलेला मुलगा यांचे दुःख तपासणीच्या कागदावर उमटत नाही. पाळक घरच्यांना निरोप धाडतो, गावी जाऊन समजूत घालतो आणि मृत्यू जवळ आला की सोबत करतो. प्रार्थना करायची ती रुग्णाने मागितली तरच. दुसऱ्या धर्माच्या रुग्णाला त्याच्या श्रद्धेप्रमाणे आधार मिळवून देणे हाही याच कर्तव्याचा भाग. जिथे ही मर्यादा ओलांडली जाते, तिथे सेवेवरचा विश्वासच उडतो.

गैरसमज: कुष्ठरोग संपला आहे आणि उरलेल्या रुग्णांची जागा आश्रमात आहे.

वस्तुस्थिती: देशपातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट डिसेंबर 2005 मध्ये गाठले गेले. छत्तीसगड त्यानंतरही अनेक वर्षे या मर्यादेच्या वर राहिले. देशात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात आणि ते जगातील नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक असतात.

रुग्णांना वेगळे ठेवण्याची चाल औषध नव्हते त्या काळातली. 1898 च्या कायद्याने भिक्षेकरी कुष्ठरोग्यांना पकडून कोंडून ठेवण्याची मुभा दिली होती. मिशनच्या जुन्या आश्रमांतही स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवत आणि निरोगी मुलांना आईबापांपासून दूर वाढवत. 1898 चा तो कायदा 2016 मध्ये रद्द झाला. विवाहविषयक कायद्यांतील 2019 च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण उरले नाही. आता रुग्ण घरी राहून औषध घेतो आणि कामावर जातो. लेप्रसी मिशनची चांपा आणि नाशिक येथील व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे कुष्ठबाधित घरांतल्या मुलामुलींना रोजगाराचे शिक्षण देतात.

अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा दिसला, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा करंगळी वाकू लागली, तर गावच्या मितानिनला (आरोग्य स्वयंसेविकेला) किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. वेळेवर उपचार घेणाऱ्या रुग्णाला विकृती टाळता येते.