आवाजासाठी अबोल संगणक

माणसाचा आवाज संगणकाला किती जड जातो? हिशेब सोपा आहे. व्यावसायिक दर्जाचं ध्वनिमुद्रण करताना आवाजाची दर सेकंदाला 48,000 मोजमापं घेतली जातात आणि प्रत्येक मोजमाप 24 बिटांत लिहिलं जातं. म्हणजे सेकंदाला 1,44,000 बाइट. तासभर अखंड वाचलं तरी सगळी भर साधारण 518 एमबीची. साधी जुनी हार्ड डिस्कसुद्धा याच्या शेकडो पट वेगाने माहिती लिहू शकते. दहा वर्षं वापरलेला लॅपटॉपही या कामाने दमत नाही.

तरी अशाच लॅपटॉपवर घरी केलेलं व्हॉइस-ओव्हर अनेकदा नापास होतं. संगणकाची ताकद कमी पडलेली नसते. तो स्वतः गप्प बसलेला नसतो, एवढंच.

गंगाखेड हे आवाजाचं गाव आहे. गोदाकाठच्या या गावात संत जनाबाईंचा जन्म झाला. त्यांचे अभंग कागदाआधी कंठांतून फिरले आणि मराठवाड्यातल्या बायकांनी जात्यावर त्यांच्या नावाच्या ओव्या गायल्या. आज याच परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला घरबसल्या ऑडिओबुक वाचता येतं, माहितीपटाला आवाज देता येतो. 2017 मध्ये स्टोरीटेल ही ऑडिओबुक सेवा भारतात आली आणि मराठी पुस्तकं कानांनी ऐकणारा वाचक वाढू लागला. स्टुडिओसाठी पुणे-मुंबई गाठायची सक्ती उरली नाही. मग दुकानात पहिला प्रश्न येतो : संगणक कुठला घेऊ? दुकानदार प्रोसेसरचा वेग सांगतो, ग्राफिक्स कार्ड दाखवतो. आवाजाच्या कामाला लागणारी गोष्ट मात्र त्या तक्त्यात छापलेलीच नसते.

ती गोष्ट समजून घेण्याआधी यंत्र आवाज टिपतं म्हणजे काय करतं, ते पाहू. हवेचा दाब सतत बदलत असतो. संगणक मात्र त्याचे सुटे सुटे आकडेच ठेवतो. दोन आकड्यांच्या मधलं काही हरवत नाही का? हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये या प्रश्नाचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये उत्तर सिद्ध केलं : आवाजातल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजलं, तर मधलं काहीही हरवत नाही. मूळ लहर त्या आकड्यांतून तंतोतंत परत उभी करता येते. तरुण कानाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याची दुप्पट 40,000, वर थोडी मोकळीक, म्हणून 48,000. आणि 24 बिट म्हणजे आवाजाच्या उंचीच्या 1,67,77,216 पायऱ्या. कुजबुजीपासून हाकेपर्यंत सगळं या पायऱ्यांवर मावतं. हे गणित आज स्वस्तातला संगणकही बिनबोभाट पार पाडतो. गाण्याच्या स्टुडिओत एका वेळी डझनावारी वाद्यांचे पदर हाताळावे लागतात, म्हणून तिथे मोठं यंत्र लागतं. आपला पदर एकच : एक माणूस, एक माइक.

आता तक्त्यात न छापलेल्या त्या गोष्टीकडे, शांततेकडे वळू. ऑडिबलसाठी ऑडिओबुकं स्वीकारणारी एसीएक्स ही संस्था निवेदकाच्या आवाजाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबलच्या दरम्यान मागते. आणि कुणी बोलत नसताना जे उरतं, ते उणे 60 डेसिबलच्या खाली असावं लागतं. यंत्र पेलू शकेल त्या कमाल पातळीचा हा हजारावा भाग. म्हणजे तुमचा आवाज आणि खोलीतली गुणगुण यांत शंभर पटीच्या आसपास अंतर हवं. घरातल्या शांततेची इतकी कठोर परीक्षा एरवी कधी होत नाही.

या परीक्षेत संगणकाचं काय होतं, ते आकड्यांतच पाहा. जुन्या पद्धतीची डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला 7,200 फेरे घेते. साठने भागलं की सेकंदाला 120. म्हणजे तिची घरघर 120 हर्ट्झची. बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. डिस्क नेमकी त्याच पट्ट्यात गुणगुणते! सात पात्यांचा पंखा मिनिटाला 1,500 फेरे घेत असेल, तर त्याचा स्वर 175 हर्ट्झ. बायकांच्या आवाजाचा मूळ पट्टा साधारण 165 ते 255 चा, म्हणजे हा स्वर त्यांच्या पट्ट्यात. नंतर सॉफ्टवेअरने ही गुणगुण काढून टाकू म्हटलं तर अडचण इथेच आहे. 80 हर्ट्झखालचं सगळं गाळणीने कापता येतं, पण 120 ला हात घातला की माणसाच्या आवाजाचा गाभाही त्यासोबत कापला जातो. उरतो तो पोकळ, पाण्याखालून आल्यासारखा आवाज. म्हणून पहिला नियम : हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी. तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो.

पंख्याचं शास्त्र याहून चकित करणारं आहे. पंख्यातून निघणाऱ्या आवाजाची ताकद त्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद 32 पट, म्हणजे 15 डेसिबलची उडी. याची दुसरी बाजू आशेची आहे : वेग निम्म्यावर आणता आला तर तेवढीच शांतता पदरात पडते. मोठा पंखा सावकाश फिरूनही तितकीच हवा हलवतो, म्हणून डेस्कटॉपसाठी मोठा आणि संथ पंखा निवडावा.

पण पंखा फिरतो उष्णतेमुळे, आणि उष्णता येते विजेतून. प्रोसेसरला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा केला आणि व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने उतरवलं, तर लागणारी वीज जवळपास एक तृतीयांशवर येते. म्हणूनच 15 वॅटचा लॅपटॉप प्रोसेसर 65 वॅटच्या डेस्कटॉप प्रोसेसरपेक्षा या कामाला बरा. 2020 च्या नोव्हेंबरात आलेल्या एम1 चिपच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. चिपची ऊब धातूच्या पट्टीवाटे पसरून निघून जाते.

इथे गंगाखेडचा उन्हाळा हिशेबात येतो. चिपला साधारण 100 अंशांपर्यंतच तापण्याची मुभा असते. खोली 25 अंशांची असेल तर चिपला 75 अंशांचा वाव मिळतो. मे महिन्यात खोली 42 अंशांवर गेली की हाच वाव 58 वर येतो. तेवढीच उष्णता बाहेर टाकायला पंख्याला कितीतरी जोरात पळावं लागतं. पुण्यात डिसेंबरात ज्या लॅपटॉपचं कौतुक झालं, तोच गोदाकाठी वैशाखात घोंगावतो. कौतुक खरं असतं, पण ते दुसऱ्या हवेतलं असतं. मराठवाड्यात संगणक पारखायचा तर उन्हाळ्यातल्या दुपारी पारखावा. आणि वापरायचा पहाटे : हवा गार, कूलर बंद ठेवता येतो, छताचा पंखाही थांबवता येतो, रस्ता निजलेला असतो.

पहाटेची ही वेळ मराठी आवाजाच्या ओळखीची आहे. जात्यावरच्या ओव्या याच वेळेच्या. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांची संगणकीय नोंद झाली, 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं आणि हा ठेवा आता ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहात सगळ्यांना ऐकायला खुला आहे. आपल्या दराने मोजलं तर 120 तास म्हणजे साधारण 62 जीबी. गावोगावच्या बायकांचे कंठ 64 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर मावतील! आवाज साठवायला जागा इतकी कमी लागते, हे कळलं की 256 जीबीची एसएसडी पुरेशी का म्हणतात तेही कळतं. तिच्यावर दीडशे जीबी मोकळी असली तरी जवळपास 290 तासांचं वाचन बसतं. मात्र प्रत्येक कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवलीच पाहिजे.

कधी कधी रेकॉर्डिंगमध्ये मधेच ‘टक्’ असा आवाज येतो किंवा शब्द तुटतो. त्यालाही प्रोसेसरचा कमी वेग क्वचितच कारणीभूत असतो. माइककडून येणारे आकडे आधी बफर नावाच्या छोट्या साठ्यात जमतात. नळाला पाणी केव्हाही आलं तरी रांजण भरलेला असला की घरातलं काम अडत नाही, तसं हे काम चालतं. संगणक त्याच वेळी अपडेट उतरवण्यात किंवा व्हायरस शोधण्यात गुंतला तर साठ्याकडे वेळेवर फिरकत नाही आणि आवाज तुटतो. 256 मोजमापांचा बफर म्हणजे फक्त 5.3 मिलिसेकंदांची सवलत. एवढ्या वेळात आवाज हवेतून दोन मीटरही जात नाही! वाचणाऱ्याने बफर 1,024 वर न्यावा, वाय-फाय बंद करावं, बाकीचे सगळे प्रोग्रॅम मिटावेत. रॅम 8 जीबी असली की पुरते.

विजेचा प्रश्न वेगळा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून तारांमधून शिरणारी गुणगुण 50, 100, 150 अशा टप्प्यांत ऐकू येते. साध्या इन्व्हर्टरची ओबडधोबड लहर त्यात आणखी भर घालते. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर त्यापेक्षा पुष्कळ बरा. त्याहून सोपा उपाय लॅपटॉपच्या पोटातच असतो : चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गुणगुण अनेकदा त्या क्षणी नाहीशी होते आणि मधेच वीज गेली तरी वाक्य तुटत नाही. जुना लॅपटॉप घेताना बॅटरी नवी घालण्याचा खर्च म्हणूनच आधी धरावा.

घरात आधीपासूनच आवाज करणारा डेस्कटॉप असेल तर? तो टाकून देऊ नका, लांब ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे एवढा फायदा होत नाही, पण मध्ये भिंत आली तर चित्र पालटतं. यूएसबी माइकची तार साधारण 5 मीटरपलीकडे नेता येत नाही. एक्सएलआर माइकची तार मात्र 15-20 मीटर खुशाल नेता येते, आणि त्यामागची युक्ती सुंदर आहे. तिच्या आत एकच आवाज एका तारेतून सुलट आणि दुसरीतून उलटा जातो. वाटेत शिरलेला विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो. पलीकडे एकातून दुसरा वजा केला की गोंगाट शून्य होतो आणि आवाज दुप्पट होतो. मग संगणक माजघरात, माइक आतल्या खोलीत. रेकॉर्डिंग सुरू करून यायचं आणि वाचत राहायचं. चुकलं की जोरात टाळी वाजवायची, वाक्य पुन्हा वाचायचं. नंतर पडद्यावरच्या आलेखात टाळीचा उंच सुळका लगेच दिसतो आणि कापायची जागा सापडते.

खोली कुठली, हेही संगणकाइतकंच महत्त्वाचं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारायची जबाबदारी आली. त्यांनी रात्रीच्या वेळी शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत गेले. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. ध्वनिशास्त्राचा एक पायाभूत नियम गाद्यांमधून सापडला! कापूस पिकवणाऱ्या परभणी जिल्ह्याला गादीची आणि गोधडीची काय वाण? स्लॅबच्या आणि गुळगुळीत फरशीच्या नव्या खोलीत आवाज भिंतींवर आपटत राहतो. घरात जुनं माळवद शिल्लक असेल तर तिथली मातीच्या जाड भिंतींची आतली खोली निवडा. तिच्यात बाहेरचा गोंगाट कमी येतो आणि ऊनही. वाचणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगल्या की महागड्या फोमची गरज फारशी उरत नाही.

तेव्हा खरेदीला निघताना एवढं ठरवा. एसएसडी, 8 जीबी रॅम, 15 वॅटच्या आसपासचा प्रोसेसर. जमल्यास बिनपंख्याचं यंत्र. ग्राफिक्स कार्डावर एक रुपयाही घालवू नका, ते या कामात फक्त उष्णता वाढवतं. वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर विंडोज 11 चालणारा घ्या. इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासून पुढचा, कारण विंडोज 10 ची नियमित मोफत मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पैसे देण्याआधी दुकानात दहा मिनिटं व्हिडिओ लावून ठेवा, मग आवाज बंद करून यंत्राला कान लावा. घरघर ऐकू आली तर दुसरं दाखवायला सांगा. वाचलेले पैसे चांगल्या माइकवर खर्च करा, आणि पहिलं काम कुणी देईपर्यंत थांबू नका : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला समोर बसवा आणि त्यांचा आवाज टिपून ठेवा.