हाडावर तोललेले पाऊल
पाय गमावलेल्या रुग्णास लवकर चालविण्याची एक पद्धती

मनुष्याचा पाय कापावा लागला म्हणजे त्याच्यापुढे एकामागून एक दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न जीव वाचविण्याचा असतो. सडलेला किंवा चेंगरलेला भाग काढून टाकून शल्यचिकित्सक तो सोडवितो. दुसरा प्रश्न चालण्याचा आहे. त्याचे उत्तर कृत्रिम पायाने मिळते. परंतु शस्त्रक्रियेचा दिवस आणि कृत्रिम पायावर टाकलेले पहिले पाऊल ह्यांच्यामध्ये पुष्कळ आठवडे, कधी कधी कित्येक महिने जातात. हा मधला काळ कसा कमी करावा, हा ह्या पुस्तिकेचा विषय होय.

मधला काळ घातक का असतो

गुडघ्याखाली पाय कापल्यावर जो भाग उरतो त्यास खुंट म्हणतात. नेहमीच्या कृत्रिम पायाला वरच्या बाजूस पेल्यासारखी एक खोबण असते आणि खुंट तिच्यात बसतो. चालताना शरीराचा सारा भार खोबणीच्या भिंतींतून खुंटाच्या कातडीवर, तेथून मांसावर आणि शेवटी हाडावर जातो. म्हणजे हाडाने पेलावयाचा भार प्रथम कातडीने सोसावा लागतो. ताजी जखम हे सोसू शकत नाही. म्हणून जखम भरून येईपर्यंत, टाके निघेपर्यंत आणि खुंटाची सूज उतरून त्याला कायमचा आकार येईपर्यंत थांबावे लागते. जखम स्वच्छ असेल तर ह्याला सहा ते आठ आठवडे पुरतात. ती चिघळली तर हा काळ किती लांबेल हे सांगता येत नाही.

ह्या अवधीत शरीर स्वस्थ बसत नाही. न वापरलेले स्नायू झपाट्याने कृश होतात. रुग्ण खुंटाखाली उशी घेऊन, गुडघा दुमडून पडून राहतो. त्यामुळे गुडघ्यामागील स्नायू आखडतात आणि सांधा वाकलेल्या स्थितीत धरला जातो. असा गुडघा पुढे सरळ झाला नाही तर उत्तम कृत्रिम पायही नीट बसत नाही. भार न पडल्यामुळे हाडातील चुना कमी होतो. अंथरुणावर पडून राहिल्याने छातीत कफ साठणे, शिरांत रक्त गोठणे, पाठीवर व्रण होणे हे धोके वाढतात. कुबड्यांवर चालणे हा उपाय आहे खरा. परंतु त्यात दोन पायांवर चालण्यापेक्षा पुष्कळच अधिक श्रम पडतात आणि वृद्धांना ते बहुधा झेपत नाहीत.

शरीराइतकेच मनाचेही आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला तीन महिने घरात बसणे म्हणजे रोजगार जाणे होय. शिवाय, आपण पुन्हा चालू शकू हा विश्वास प्रत्यक्ष चालल्यावाचून येत नाही.

प्लॅस्टरचा पाय

शस्त्रक्रियेनंतर लागलीच रुग्णास उभे करण्याचे प्रयत्न नवे नाहीत. १९५८ च्या सुमारास फ्रान्समध्ये बेर्लमाँ ह्यांनी व त्यानंतर पोलंडमध्ये मारियन वाइस ह्यांनी असे प्रयोग केले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथे अर्नेस्ट बर्जेस ह्यांनी ही पद्धती व्यवस्थित रूपास आणली. शस्त्रक्रिया संपताच खुंटावर प्लॅस्टरचे घट्ट आवरण चढवावयाचे, त्याच्या तळाला एक नळी जोडावयाची आणि नळीच्या टोकाला पाऊल बसवावयाचे, अशी ही रचना होती. घट्ट आवरणामुळे सूज कमी येते, गुडघा सरळ राहतो आणि रुग्ण थोड्याच दिवसांत जमिनीवर हलका भार देऊ लागतो.

परंतु ह्या पद्धतीत एक अडचण होती. प्लॅस्टरच्या आत जखम झाकलेली राहते. ती बरी होत आहे की चिघळत आहे, हे आवरण काढल्यावाचून कळत नाही. शिवाय भार अखेर कातडीवरच पडतो. जेथे जखम स्वच्छ आहे तेथे हे चालते. परंतु यंत्रात सापडून किंवा आगगाडीखाली येऊन पाय चेंगरला असेल, कातडी फाटली असेल, जखम उघडी ठेवून रोज धुवावी लागत असेल, तर प्लॅस्टरचा पाय निरुपयोगी ठरतो. आणि अशाच रुग्णांना पुष्कळ काळ थांबावे लागते.

बाह्य चौकटीची कल्पना

ह्या अडचणीतून सुटण्याचा मार्ग मोडलेली हाडे जोडण्याच्या शास्त्रात सापडतो. हाड अनेक ठिकाणी मोडले व वरची जखम उघडी असली म्हणजे शल्यचिकित्सक हाडातून आडवे खिळे किंवा तारा घालतात. त्यांची टोके कातडीबाहेर ठेवून ती धातूच्या चौकटीला पक्की करतात. ह्या साधनास बाह्य स्थिरक म्हणतात. जखमेला न शिवता हाड स्थिर राहते, हा त्याचा मुख्य गुण होय.

सोव्हिएत रशियातील कुर्गान ह्या गावी गाव्रील इलिझारोव्ह ह्यांनी १९५० नंतरच्या वर्षांत ह्या साधनास एक नवे रूप दिले. त्यांनी पायाभोवती धातूची कडी बसविली आणि हाडातून बारीक तारा आरपार नेऊन त्या कड्यांना ताणून बांधल्या. सायकलच्या चाकातील आरे बारीक असतात. परंतु ते ताणलेले असल्यामुळे माणसाचे वजन सहज पेलतात. तेच तत्त्व येथे आहे. तार केवळ १.५ ते १.८ मिलिमीटर जाडीची असते. पण ती सुमारे १०० ते १३० किलोग्रॅम भाराइतकी ताणली म्हणजे ताठ होते आणि तिच्या आधारावर मोडक्या पायाचा रुग्णही चालू शकतो. पुष्कळ वर्षे ही पद्धती पश्चिम युरोपास अपरिचित होती. इटलीचे गिर्यारोहक व प्रवासी कार्लो माउरी ह्यांच्या पायाचे जुने दुखणे कुर्गान येथे बरे झाले. त्यानंतर १९८१ मध्ये इलिझारोव्ह ह्यांनी इटलीत व्याख्यान दिले आणि तेथून ती सर्वत्र पसरली.

आता प्रश्न असा की, मोडलेल्या हाडावरील चौकट जर शरीराचे वजन पेलते, तर कापलेल्या पायाच्या उरलेल्या हाडावर तशीच चौकट बसवून तिलाच कृत्रिम पाऊल का जोडू नये? ह्या पद्धतीचे सारे मर्म ह्या प्रश्नात आहे.

रचना कशी असते

गुडघ्याखाली नडगीचे बारा ते पंधरा सेंटिमीटर हाड उरले आहे, असे समजू. त्यात योग्य अंतर ठेवून तारा किंवा जाड खिळे घालतात आणि ते दोन कड्यांना बांधतात. नडगीच्या पुढील व आतील अंगास हाडावर केवळ पातळ कातडी असते. खिळ्यांसाठी शक्यतो हीच जागा निवडतात आणि मज्जातंतू व रक्तवाहिन्यांचे मार्ग टाळतात. खालच्या कड्यापासून तीन-चार उभ्या सळया खुंटाच्या टोकापलीकडे जातात. त्यांच्या तळाशी एक चकती असते. खुंटाचे टोक आणि ही चकती ह्यांच्यामध्ये मोकळी जागा राखलेली असते. चकतीला नळी आणि नळीला पाऊल जोडले म्हणजे तात्पुरता पाय तयार झाला. नळीची लांबी दुसऱ्या पायाशी जुळवितात आणि पाऊल शरीराच्या भाररेषेखाली येईल असे बसवितात.

आता भाराचा मार्ग पाहावा. जमिनीचा दाब पावलावर, पावलातून नळीवर, नळीतून चौकटीवर, चौकटीतून तारांवर आणि तारांतून थेट हाडावर येतो. ह्या साखळीत जखमेचे नावही नाही. ती मोकळ्या जागेत उघडी असते. डॉक्टर ती रोज पाहू शकतात, धुवू शकतात, आवश्यक तर तिच्यावर कातडीही लावू शकतात. आणि त्याच दिवशी रुग्ण चार पावले चालू शकतो.

चौकटीने किती भार सोसावयाचा हे एका साध्या हिशेबाने कळेल. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य दोन्ही पायांवर उभा राहिला म्हणजे प्रत्येक पायावर ३० किलोग्रॅम येतात. चालताना एका पायावर क्षणभर संपूर्ण वजनाहूनही अधिक, सुमारे ७० किलोग्रॅम भार येतो. चार तारांनी तो सारखा वाटून घेतला तर प्रत्येकीच्या वाट्यास १७-१८ किलोग्रॅम येतील. प्रत्यक्षात वाटणी अशी सारखी होत नाही. पाऊल पुढे-मागे पडते तेव्हा लांब तरफेप्रमाणे चौकट हाडास पिरगाळू पाहते. म्हणून प्रथम साध्या वजनकाट्यावर पाय ठेवून थोडाच भार देण्यास शिकवितात. दोन समांतर दांड्यांना धरून, मग वॉकर घेऊन, नंतर कुबड्या घेऊन, असा क्रम ठेवून भार हळूहळू वाढवितात.

चौकटीचा आणखी एक उपयोग आहे. खुंट फारच आखूड असेल तर खोबण त्यावर टिकत नाही. अशा वेळी हाडास एक छेद देऊन त्याचे दोन भाग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर ह्या गतीने परस्परांपासून दूर नेतात. मधल्या पोकळीत नवे हाड तयार होते आणि खुंटाची लांबी वाढते.

मर्यादा आणि धोके

कोणत्याही उपचाराप्रमाणे ह्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपविणे शास्त्राला शोभणारे नाही. कातडीतून बाहेर येणारा प्रत्येक खिळा हे जंतूंना उघडे असलेले दार होय. खिळ्यांच्या मुळाशी रोज स्वच्छता ठेवावी लागते. समुद्रकाठच्या दमट, घामट हवेत तर विशेषच. लाली, पू किंवा वेदना दिसताच उपचार न केल्यास जंतू हाडापर्यंत पोहोचतात. वृद्धांचे ठिसूळ हाड खिळ्यास घट्ट धरत नाही. मधुमेहाने ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा बिघडला आहे त्यांच्या बाबतीत खिळ्यांच्या जखमाच भरत नाहीत. मांडीच्या हाडाभोवती मांसाचा जाड थर असल्यामुळे तेथे खिळे अधिक त्रास देतात. शिवाय ह्या काळात खुंटाच्या कातडीला भार सोसण्याची सवय होत नाही. चौकट काढून खोबणीचा पाय बसविल्यावर ती नव्याने करावी लागते.

म्हणून हा उपचार सर्वांसाठी नाही. मोजक्याच शल्यचिकित्सकांनी तो निवडक रुग्णांवर केला आहे. स्वच्छ जखमेच्या रुग्णास प्लॅस्टरचे आवरण व नंतर खोबणीचा पाय हाच सोपा मार्ग होय. स्वीडनमध्ये १९९० पासून हाडातच टायटॅनियमचा दांडा रुजवून त्याला कृत्रिम पाय जोडतात. तेथेही भार थेट हाडावर येतो. परंतु दांडा हाडाशी एकजीव होईपर्यंत थांबावे लागते. चौकट तात्पुरती असते, पण लगेच कामाला येते. दांडा कायमचा असतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

चेन्नई आणि महाराष्ट्र

असा उपचार एकट्या शल्यचिकित्सकाच्या हातचा नाही. त्याला चौकट बसविणारा शल्यचिकित्सक, पाय घडविणारा कारागीर आणि भाराचे गणित जाणणारा अभियंता असे तिघे लागतात. चेन्नई शहरात हे तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात. तेथे जुनी, मोठी शासकीय रुग्णालये आहेत, के. के. नगर भागात शासकीय पुनर्वसन वैद्यक संस्था आहे. आणि भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अपंगांच्या साधनांवर संशोधन करणारे केंद्र आहे. ह्या केंद्राने इतर संस्थांच्या साहाय्याने सिद्ध केलेला ‘कदम’ नावाचा कृत्रिम गुडघा २०२२ मध्ये लोकांपुढे आला. तो १६० अंशांपर्यंत वाकतो, त्यामुळे गर्दीच्या बसमध्ये किंवा रिक्षात बसणे सोपे जाते.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन ह्यांना १९८१ मध्ये तामिळनाडूत झालेल्या अपघातानंतर उजवा पाय गमवावा लागला. राजस्थानात घडविलेल्या जयपूर पायावर १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांची जिद्द सर्वांना ठाऊक आहे. परंतु पाय जाणे आणि पुन्हा नाचणे ह्यांमधील वर्षांकडेही लक्ष दिले पाहिजे.

ही वर्षे साऱ्याच रुग्णांना परवडत नाहीत. कृत्रिम पाय किती सुबक आहे ह्याइतकेच तो किती लवकर मिळाला ह्यालाही महत्त्व आहे. कारण आखडलेला गुडघा, गळून गेलेले स्नायू आणि गमावलेला रोजगार ह्यांची भरपाई उत्तम पायानेही होत नाही. हाडावर तोललेली चौकट निवडक रुग्णांना ते आठवडे परत मिळवून देते. तिच्यामागील तत्त्व मात्र सर्वांनाच लागू आहे. जखम भरून येण्यास तिचा वेळ द्यावाच लागतो. पण तेवढा वेळ मनुष्याने अंथरुणावरच काढला पाहिजे असे नाही.