बँकेचं सील लागलेलं शेजारचं घर

आमच्या गल्लीच्या टोकाचा बंगला बँकेने सील केला, त्याला दोन पावसाळे झाले. फाटकाच्या कुलपाला कापड गुंडाळून वर लाखेची मोहोर, पत्रपेटीत कोंबलेली विजेची बिलं, गच्चीच्या कठड्यातून हातभर वर आलेला पिंपळ. पहिला पावसाळा आम्ही शेजाऱ्यांनी एकमेकांकडे कुरकुरण्यात घालवला. असं घर आपल्याही शेजारी असेल, तर आधी त्याच्या भिंतीवर चिकटवलेला कागद वाचा.

तो कागद तिथे कसा येतो? कर्जाचे हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं ‘अनुत्पादक’, म्हणजे बुडिताच्या वाटेवरचं, ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर कोर्टात दावा न लावताही तारण घर ताब्यात घेता येतं. ताबा घेतल्याची नोटीस घरावर लावावी लागते आणि ७ दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं.

त्या कागदावर ‘प्रतीकात्मक ताबा’ लिहिलंय की ‘प्रत्यक्ष ताबा’, हे नीट बघा. सगळी गोम इथेच आहे. प्रतीकात्मक म्हणजे बँकेने कागदोपत्री हक्क सांगितलाय, किल्ल्या अजून मालकाकडेच आहेत. देखभालीसाठी त्यालाच गाठावं लागेल. प्रत्यक्ष म्हणजे किल्ल्या बँकेकडे, बहुतेक वेळा दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि पोलिस बंदोबस्त घेऊन मिळवलेल्या.

ताबा प्रत्यक्ष असेल, तर एक तरतूद आपल्या कामाची आहे. सरफेसीच्या नियमावलीतला नियम ८ सांगतो, की ताब्यातल्या घराची काळजी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने एखादा सुज्ञ मालक घेईल तशी घ्यायची. प्राधिकृत अधिकारी म्हणजे या वसुलीसाठी बँकेने नेमलेला माणूस. विक्री होईपर्यंत घर राखायचं, गरज पडली तर विमाही उतरवायचा, हे त्याचंच काम. ‘आम्ही फक्त वसुली बघतो, साफसफाई आमच्याकडे नाही,’ असं आम्हाला फोनवर ऐकवलं गेलं. नियम वाचलेला नसल्यामुळे आम्ही निमूट फोन ठेवला आणि चार महिने गेले.

कागद पावसात गळून गेला असेल, तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा. बँकेने बोजा नोंदवलेला असेल, तर त्यात तिचं नाव सापडतं. बोजा म्हणजे त्या मिळकतीवर कर्ज असल्याची नोंद.

यापुढे बहुतेकजण एक चूक करतात: जवळच्या शाखेत जाऊन मॅनेजरशी हुज्जत घालतात. थकलेलं खातं शाखेकडून वसुली विभागाकडे गेलेलं असतं. कधी बँक ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, देऊन मोकळी झालेली असते आणि भिंतीवरचं नाव जुनं ठरतं. म्हणून आधी एवढंच विचारून घ्या, की आता हे खातं कोणाकडे आहे. थकबाकी किती, मालक कुठे गेले, हे विचारू नका. ते बँक सांगणार नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

मग प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. मिळकतीचा पत्ता, नोटिशीची तारीख, तारखेसह फोटो आणि नेमकी मागणी. ‘घराची दुरवस्था झाली आहे’ असं लिहिलं की पत्र फायलीत झोपतं. ‘गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं आहे, पाणी उघडं आहे, ते काढून टाकी बंद करावी’ असं लिहिलं की माणूस पाठवावा लागतो. नियम ८ चा उल्लेख जरूर करा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. एकट्याने सही करू नका. दहा घरांच्या सह्या असल्या की वजन पडतं.

त्या टाकीचं एवढं काय? डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. बँकेच्या उत्तरासाठी तेवढं थांबता येत नाही, म्हणून पत्राची प्रत त्याच दिवशी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य विभागाला द्या. भिंत कलली असेल तर बांधकाम विभागाकडे वेगळा अर्ज करा. पडायला आलेल्या बांधकामाबद्दल नोटीस काढायचा अधिकार आयुक्तांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ने दिला आहे. एकाच अर्जात डास, भिंत आणि झाड कोंबलं, तर तो अर्ज तीन टेबलांवर फिरत राहतो.

झाडाच्या बाबतीत हात आवरा. फांदी आपल्या अंगणात आली तरी शहरात वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. कुंपण ओलांडून आत जाणं, सील काढणं, ‘तेवढी सफाई करून देतो’ म्हणणं, हेही नको. हेतू चांगला असला, तरी उद्या आतली मोटार चोरीला गेली की पहिलं नाव आपलंच येईल. गवतात साप दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

शेवटी लिलाव. पहिल्यांदा घर विकायला काढताना कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण बोली आली नाही की राखीव किंमत, म्हणजे त्याखाली घर न विकण्याचा आकडा, कमी करून पुन्हा जाहिरात निघते. आमच्या बंगल्याच्या दोन जाहिराती होऊन गेल्या. विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर असते, म्हणजे भेगा-गळतीसकट. म्हणून घर बघायला येणाऱ्यांना आम्ही आमची फाईल दाखवतो. गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं होतं. त्यांना कठड्यातला पिंपळ दाखवला आणि सांगितलं, घेतलंत तर पावसाच्या आधी हा मुळासकट काढा. वरून छाटलात तर पुन्हा फुटतो.