विंचवाच्या विषावर महाडचा उतारा

कांद्याची चाळ साफ करताना, दगडी बांध उकलताना, नाहीतर पहाटे चपलेत पाय घालताना विंचू डसला, असे आपल्या नाशिक जिल्ह्यात कोणत्या गावी घडत नाही? काळा विंचू दिसायला भला मोठा, पण जिवावर उठतो तो लहानसा तांबडा. त्याच्या विषाने मज्जातंतू खवळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण उशाशी बसून न्याहाळले. पूर्वी विष अंगात भिनलेल्या शंभरांतले तीसेक दगावत. डॉक्टरांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरून पाहिले. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. हा अनुभव १९८६ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात छापून आला. पुढे मृत्यू शंभरात एक-दोनवर आले. जोडीला प्रतिविष, म्हणजे आपण म्हणतो ती विंचवाची लस दिली, तर रोगी आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवले. मोठी प्रयोगशाळा नव्हे, तालुक्याचा दवाखाना! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा मंडळी, मांत्रिकापायी वेळ दवडू नका. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे. कळा कमी आहेत म्हणून थांबू नका; लहान मुलाला तर तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. प्राझोसिन मात्र घरी मनाने देऊ नये. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो. गोळी दिल्यावर डॉक्टर रोग्याला आडवे ठेवतात ते त्यासाठीच.