लोकांचा कौल आणि कौलाची वेळ

पाम-बोईसरकडून गुजरातेकडे जाणाऱ्या गाडीने वापीस उतरले म्हणजे दमण फार दूर राहत नाही. त्या दमणच्या, तसेच दीव व गोव्याच्या मतदारांस ता. १६ जानेवारी १९६७ रोजी विचारण्यात आले होते की, शेजारच्या राज्यात विलीन व्हावयाचे, की केंद्रशासित राहावयाचे? गोव्यापुढे महाराष्ट्र होता, दमण-दीवपुढे गुजरात. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळेपणाचे दोन पाने. गोव्यात दोन पानांस १,७२,१९१ मते पडली, फुलास १,३८,१७०. दमण-दीवनेही केंद्रशासित राहणेच पसंत केले.

या निकालाची महाराष्ट्रात हळहळ पुष्कळ झाली. परंतु हा कौल कोणत्या स्थितीत घेतला गेला, ते पाहणे आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. श्री. दयानंद बांदोडकर यांचा अधिकारारूढ महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा पुरस्कर्ता. पंचच जेथे एका बाजूचा, तेथे निवाडा कोण मानणार? म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये मंत्रिमंडळ पायउतार झाले, राष्ट्रपती राजवट आली, आणि मतदान झाले ते त्यानंतर. पुढे मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी श्री. बांदोडकरांस पुन्हा मुख्यमंत्री केले! माणूस हवा, पण त्याचा मुख्य हेतू नको, हे लोकांस सांगता आले. कारण दोन प्रश्न दोन दिवशी विचारले गेले.

कॉकेशस पर्वतालगतच्या जॉर्जिया देशात याच्या उलट झाले. तेथे ता. ५ जानेवारी २००८ या एकाच दिवशी अध्यक्षाची निवड, संसदेची निवडणूक वसंत ऋतूत घ्यावी काय हा प्रश्न, आणि 'नाटो' या लष्करी संघात शिरावे काय हाही प्रश्न, असे तिन्ही मतदारांपुढे आले. अध्यक्ष साकाश्विली यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये राजीनामा दिला खरा, पण तो स्वतःच पुन्हा उभे राहण्यासाठी. ते निवडून आले, व दोन्ही प्रश्नांसही होकार मिळाला. निवडणूक मे महिन्यात झाली. नाटोचा प्रवेश मात्र अद्यापि झालेला नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात रशियाशी युद्ध पेटले. तारखेचा प्रश्न पंचांगाचा, लष्करी संघाचा प्रश्न पिढ्यांच्या रक्ताचा. ते एका माणसाच्या लोकप्रियतेसोबत एकाच दिवशी का तोलावे?

हे दूरचे नव्हे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि तेथे जमीन संपादण्यापूर्वी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा विचार घ्यावा असे १९९६ चा कायदा सांगतो. तेव्हा ज्या ग्रामसभेपुढे जमिनीचा प्रश्न असेल, तिच्या विषयपत्रिकेवर घरकुले व दाखले यांचे विषय नसावेत. सूचना भातकापणीच्या गर्दीत निघू नये. आणि प्रश्न वारली आजीस समजेल अशा भाषेत आगाऊ लिहून चावडीवर लावावा.